गच्चीवरचा विरोधी पक्ष

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे माझ्या आईने लग्न ठरवतानाच सांगून टाकलं होतं. "मुलगी बँकेत आहे, स्वयंपाक बेताचाच येतो आणि बोलते फार. नंतर तक्रार चालायची नाही." यावर माझे होणारे सासरे खूश होऊन म्हणाले, "वा! आमच्या घरात बोलणारा मी एकटाच आहे हो. समोरून कोणी उलट बोललं की मला बरं वाटतं." मला वाटलं, चार माणसांत बोलायची पद्धत म्हणून बोलतायत. लग्नानंतर कळलं, की हा माणूस खरोखरच उलट बोलणाऱ्याच्या शोधात होता.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. कोणी एक पूर्वज दरबारात कारकून म्हणून उज्जैनला आला, त्याला इथलं पाणी मानवलं आणि पुढच्या सगळ्या पिढ्या इथेच कारकुनी नाहीतर मास्तरकी करत राहिल्या. अण्णा शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. सगळा मोहल्ला त्यांना मास्टरसाब म्हणायचा. अंगात खादी, आयुष्यभर एकच पक्ष, आणि त्या पक्षातही ते अगदी डाव्या कडेला उभे राहणारे. घरात देव होते, पण ते सासूबाईंचे. अण्णांची श्रद्धा सरकारी बँकेवर होती.

हसू नका. बँका सरकारच्या झाल्या त्या दिवशी या गृहस्थांनी शाळेत पेढे वाटले होते. आणि त्यांच्या आयुष्यातला एकुलता एक विजयसुद्धा बँकेचाच होता. आमच्या बँकेची मोठी शाखा फ्रीगंजमध्ये, टावर चौकात. रामघाटाच्या बाजूच्या माणसाला तिथे जायचं म्हणजे रेल्वेचा पूल ओलांडून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जायचं. घाटावरच्या फुलवाल्या, नाववाले, पूजेचं सामान विकणाऱ्या बायका, यांना कुठला एवढा वेळ? तेव्हा अण्णांनी या सगळ्यांना गोळा केलं, मोठ्या शाखेच्या दारात सतरंजी टाकली आणि भजनं सुरू केली. नाववाल्यांचे आवाज काय असतात ते नदीकाठी राहणाऱ्यांना सांगायला नको. मॅनेजर टेकीला आला आणि शेवटी बँकेने घाटाच्या चढावर एका खोलीत छोटंसं काउंटर उघडून दिलं. त्याला सगळे 'खिडकी' म्हणायचे. तिथलं पहिलं खातं सासूबाईंचं निघालं.

योगायोग बघा, लग्नानंतर माझी बदली झाली ती नेमकी त्या खिडकीवर. मी, एक कॅशियर आणि एक शिपाई, एवढीच आमची फौज. अण्णा येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "खिडकी मी आणली, आणि खिडकीत बसायला सूनही मीच आणली." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पुढेपुढे ते सुरू झालं की मी चहा टाकायला आत जायचे.

आणि मग तो काळ आला, दिल्लीत सगळं खुलं करायचा. बाजार खुला, दुकानं खुली, टीव्हीवर नवनवीन चॅनल. टावर चौकात एकेका दुकानाच्या पाट्या अशा चमकायला लागल्या की संध्याकाळी तिथून नुसतं चालत जायलाही मजा यायची. मी काही त्याच्या विरुद्ध नव्हते हं. मलाही रंगीत टीव्ही हवाच होता. पण सगळं खुलं करणारं तेच सरकार बँकांना मात्र रोज नवा नियम पाठवायला लागलं, आणि नियम करणाऱ्यांपैकी कोणी कधी घाटाच्या चढावर उभं राहिलं असेल असं मला वाटत नाही.

आता फोटोचंच घ्या. हुकूम आला, प्रत्येक खातेदाराचा फोटो हवा. ठीक आहे, हवा तर हवा. पण आमच्या खिडकीवरच्या निम्म्या बायका घूंघटवाल्या. त्या बिचाऱ्या नियमाप्रमाणे फोटो स्टुडिओत गेल्या. तिथे फोटोवाला म्हणाला, पदर वर करा. बरोबर आलेला दीर नाहीतर सासरा म्हणाला, खबरदार. झालं. सगळ्यांचे घूंघटासकट फोटो निघाले आणि मी ते एकामागून एक चिकटवले. लाल घूंघट, पिवळा घूंघट, ठिपक्यांचा घूंघट. मोठ्या शाखेतून फोन आला, "फोटो लावून झाले?" मी म्हटलं, "झाले साहेब, सगळे अगदी नियमात बसतात." तरी ओळख मी आवाजावरूनच पटवायचे, पूर्वीसारखी.

इथवर मी हसून घेतलं. पण पुढचा नियम आला तेव्हा माझं टाळकं सणकलं. ज्या काउंटरवर पुरेसं कामकाज होत नाही, ते बंद करून जवळच्या मोठ्या शाखेत मिसळून टाका. आमच्या खिडकीवर बायका यायच्या त्या महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. आमची खिडकी त्या हुकुमात सरळ सरळ बसत होती. मी घरी येऊन सांगितलं. सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला आणि त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "असं होणार नाही. सरकार आपलं आहे." मी म्हटलं, "अण्णा, हुकूमही त्याच सरकारचा आहे." त्यावर ते चष्मा पुसत बसले.

आणि याच सुमाराला, काय सांगू तुम्हाला, पार्षदाची, म्हणजे नगरसेवकाची, निवडणूक लागली आणि आमच्या वॉर्डातून अण्णांना तिकीट मिळालं.

अण्णांचा आनंद गगनात मावेना. मला मात्र त्या तिकिटाचा वास यायला लागला. कारण त्या वर्षी पक्षाने गावात तिकिटं वाटली ती निवडून निवडून अशाच जुन्या माणसांना. एक गिरणी कामगारांचे म्हातारे पुढारी, एक निवृत्त प्राध्यापक, जे अजून प्रत्येक वाक्यात 'शोषण' म्हणायचे, आणि तिसरे आमचे अण्णा. म्हणजे वर दिल्लीत बाजारवाले बसवायचे आणि खाली गल्लीत समाजवादी उभे करायचे. लोकांनी खादीकडे बघून मत द्यायचं आणि खिडकी मात्र मुकाट्याने बंद होऊ द्यायची. बरं, ही मंडळी तरी काही बोलतील? नाव नको. भाषणात तोंडभर गरीब, गरीब करायचं आणि आपल्याच सरकारच्या हुकुमाचा विषय निघाला की "हा वरचा प्रश्न आहे" म्हणून वर बघायचं. पंख्याकडे. मला या तिघांचा असा राग यायचा म्हणून सांगू! त्यातला एक माझ्याच घरात रोज माझ्या हातची पोळी खात होता, म्हणून राग गिळावा लागायचा. पण तोही मी फार दिवस गिळला नाही.

त्याचं कारण अण्णांची एक शिस्त. ते शाळेत असताना मुलांना वादस्पर्धेसाठी तयार करायचे आणि त्यांचा नियम होता, की बोलायला जाण्याआधी विरुद्ध बाजू घरच्या माणसाने मांडायची. घरच्यापुढे टिकलात तर बाहेर टिकाल. तेव्हा तिकीट मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ते मला म्हणाले, "सूनबाई, गच्चीवर चल. तू विरोधी पक्ष." मला काय, आयतंच हवं होतं.

गच्चीवर अण्णा पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभे राहिले. टाकी म्हणजे अध्यक्ष. सासूबाई कोपऱ्यात सतरंजीवर त्यांची भाजी घेऊन बसल्या. आमचे हे, म्हणजे माझे पती, खुर्ची टाकून पेपरातलं क्रिकेट वाचत बसले, कारण बायको आणि वडील यांच्या मध्ये पडायचं नाही एवढं शहाणपण त्यांच्यात उपजतच होतं.

अण्णा म्हणाले, "अध्यक्ष महोदय, देश कठीण काळातून जात आहे. सरकारला काही कडू औषधं द्यावी लागत आहेत."

मी म्हटलं, "कोणाला? कर्ज घेऊन बुडवलं मोठमोठ्या कारखानदारांनी, त्यांच्यामुळे बँकांचं पोट बिघडलं, आणि औषध पाजताय कोणाला? घाटावरच्या फुलवालीला?"

"मुद्द्यावर बोला. बँका सक्षम झाल्या तर शेवटी लाभ गरिबांचाच होईल."

"कुठल्या बँकेत? जी बंद करताय तिच्यात?"

"अगं, थोडं हळू. मला वाक्य तरी पूर्ण करू दे."

"वाक्य पूर्ण झालं तरी खिडकी बंदच ना?"

शेजारच्या गच्चीवर कपडे काढायला आलेली बाई कपडे हातात घेऊन उभीच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला आणलं. तिसऱ्या दिवसापासून पलीकडच्या, मागच्या, सगळ्या गच्च्या भरायला लागल्या. उन्हाळ्याचे दिवस, घरात उकडायचं, आणि टीव्हीपेक्षा हा कार्यक्रम रंगतदार. आम्ही मराठीत भांडायचो तर कठड्यावरून एक आजोबा ओरडले, "मास्टरसाब, हिंदी में लड़ो यार, हमको भी तो समझ में आए!" मग आम्ही हिंदीत भांडायला लागलो. मला टाळ्या पडायच्या. अण्णांना टाळ्या पडल्या नाहीत की ते हिरमुसायचे, पण खाली जेवायला बसलं की म्हणायचे, "आज कारखानदारांचा मुद्दा छान मांडलास. मला उत्तर सुचलं नाही." हा त्यांचा मोठेपणा होता, तो मी कधी नाकारला नाही.

सासूबाई मात्र यातल्या कशात नसायच्या. त्या भाजी निवडायच्या, तांदूळ पाखडायच्या, आणि आम्ही भांडून दमलो की विचारायच्या, "पानं घेऊ?"

अशा गोष्टी लपत नाहीत. एक दिवस सकाळीच पक्षाचे जिल्हाध्यक्ष चार कार्यकर्ते घेऊन दारात हजर. बसले, पोहे खाल्ले, वर सेव मागून घेतली, आणि मग अगदी गोड आवाजात मला म्हणाले, "बहूजी, बहुत अच्छा बोलती हो आप, सुना है. बस ये याद रखो कि बैंक वालों को राजनीति की मनाही है. किसी ने ऊपर शिकायत कर दी तो बेकार में ट्रान्सफर-व्रान्सफर का झंझट." मी म्हटलं, "भैया, अपनी छत पे ससुर से लड़ना राजनीति है क्या? फिर तो हर घर में पार्टी है." ते हसले. पण अण्णांचा चेहरा उतरला होता. जिल्हाध्यक्षांनी जाताना त्यांच्या हातात छापील भाषण ठेवलं. मोठ्या सभेत हेच वाचायचं, बँकेबद्दल त्यात आहे तेवढंच, एक अक्षर इकडे तिकडे नाही.

ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "आजपासून गच्ची बंद."

"का म्हणून? माझ्या नोकरीची काळजी तुम्ही करू नका, अण्णा."

"तुझी नोकरी नाही जाणार. बदली होईल. आणि खिडकीवर दुसरा कोणी आला, ज्याला घाट म्हणजे काय तेच माहीत नाही, तर ती उद्याची आज बंद होईल."

अण्णांचं म्हणणं खरं होतं, आणि समोरच्याचं म्हणणं खरं निघालं की माझा संताप दुप्पट होतो. त्या दिवशी मी भांडी अशी आदळली की आमचे हे पेपर घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला दिसत होतं ते एवढंच, की या माणसाने आयुष्यात एक गोष्ट जिंकली होती आणि तीच गोष्ट बंद करणाऱ्यांचं भाषण आता तो स्वतःच्या तोंडाने वाचणार होता. वाचलं की संपलं. मग खिडकी राहिली काय नि गेली काय, अण्णा काही पूर्वीचे अण्णा राहणार नव्हते.

सभा आमच्याच वॉर्डातल्या चौकात झाली, घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी. संध्याकाळची वेळ, झेंडे, भोंगे, सतरंज्या. गच्चीवरचे सगळे प्रेक्षक आले होते, कारण त्यांना वाटलं आमचाच कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर आहे. मी बायकांच्या बाजूला तोंड शिवून बसले. शेजारी सासूबाई, त्यांच्यापलीकडे त्यांच्या ओळखीच्या फुलवाल्या. महापालिकेच्या निवडणुकीत खरं तर नळाच्या पाण्यावर बोलावं, कारण आमच्याकडे नळ येतात तेच मुळी लहर आली तर. पण छापील भाषणात पाणी एका ओळीत आटोपलं होतं आणि बाकी सगळा देश.

अण्णांनी वाचायला सुरुवात केली. त्यांचा आवाज मी इतका बेचव कधी ऐकला नव्हता. कठीण काळ, कडू औषध, सक्षम बँका. लोक चुळबुळ करायला लागले. कठड्यावरचे ते आजोबा तर चक्क जांभई देत होते. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलेलं मला मुळीच आवडत नाही, म्हणून मी जिल्हाध्यक्षांकडे डोळे वटारून बघत बसले.

भाषण संपलं. आता कुठलाही शहाणा उमेदवार 'जय हिंद' म्हणून खाली बसतो. पण अण्णा पडले मास्तर. उभा जन्म त्यांनी प्रत्येक तासाच्या शेवटी खडू खाली ठेवून वर्गाला एक प्रश्न विचारला होता. कागद खाली ठेवल्याबरोबर तोच प्रश्न त्यांच्या तोंडून गेला. "किसी को कुछ पूछना है?"

जिल्हाध्यक्षांनी कपाळाला हात लावला. माझ्या आयुष्यात मी अशी सभा पाहिली नाही, जिथे उमेदवाराने लोकांना शंका विचारायला सांगितलं. लोकही पाहत राहिले. आणि माझ्या शेजारी एक हात वर गेला. सरळ, शाळेतल्या मुलीसारखा. सासूबाईंचा.

मी त्यांचा पदर ओढला. "आई, काय करताय?" त्यांनी पदर सोडवून घेतला आणि उभ्या राहिल्या. घरी त्या अण्णांना 'अहो' म्हणायच्या. इथे भर सभेत त्या म्हणाल्या, "मास्टरसाब, मेरा एक सवाल है."

चौक हसला. शिट्ट्या वाजल्या. सासूबाई थांबल्या, सगळे हसून होईपर्यंत. मग त्यांच्या मराठी वळणाच्या हिंदीत, भाजीवाल्याशी बोलतात तितक्याच आवाजात त्या म्हणाल्या, "मैं तो आपकी स्कूटर पे बैठ के फ्रीगंज चली जाऊँगी. पर ये फूलवाली बाई क्या करेगी? सुबह की आरती के पहले दुकान लगाती है, शाम की आरती के बाद उठाती है. बैंक दोपहर में बंद हो जाता है. तो ये कब जाएगी? और दुकान किसके भरोसे छोड़ेगी?"

आता कोणी हसत नव्हतं.

"और खिड़की तो आपने ही खुलवाई थी," सासूबाई म्हणाल्या, "मेरा खाता भी आपने ही खुलवाया. अब आप किसकी तरफ हो, ये बता दो. बस." आणि त्या खाली बसल्या.

मी रोज संध्याकाळी गच्चीवर घसा फोडून जे बोलले त्यात कारखानदार होते, दिल्ली होती, देश होता. पण ही बाई कधी जाणार, एवढा साधा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. अण्णांनी छापील कागद उचलला, त्यावरून खालपर्यंत नजर फिरवली, उलटा करून पाहिला. जिल्हाध्यक्ष त्यांना खुणा करत होते, बसा, बसा. अण्णांनी कागद त्यांच्याच हातात दिला.

"इसमें इसका जवाब नहीं है," ते म्हणाले. "और मेरे पास भी नहीं है." मग त्यांचा तो नेहमीचा, मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज परत आला. हा नियम चूक आहे, ते म्हणाले. माझ्या सरकारने केलाय, माझ्या पक्षाने केलाय, तरी चूक आहे. आणि आम्ही जे स्वतःला गरिबांचे म्हणवतो, आम्ही तिकिटासाठी गप्प बसलो, ही त्याहून मोठी चूक आहे. मी घाटाच्या बाजूचा आहे. मत द्यायचं तर हे ऐकून द्या.

अशा टाळ्या! मी उभी राहून वाजवल्या. नोकरी गेली खड्ड्यात, म्हटलं. फुलवाल्यांनी सासूबाईंना मिठ्या मारल्या. आमचे हे कुठून तरी गर्दीतून वाट काढत आले आणि म्हणाले, "आईने काय विचारलं? मला मागे नीट ऐकू आलं नाही."

अण्णा निवडणूक हरले. थोडक्यात वगैरे नाही, व्यवस्थित आपटले. पक्षाचे कार्यकर्ते सभेनंतर फिरकलेच नाहीत, आणि विरोधी उमेदवाराने, तो चौकातला कापडाचा व्यापारी, रिक्षावर भोंगा लावून गावभर पुकारलं: "मास्टरसाब की घरवाली भी पूछ रही है, खिड़की क्यों बंद?" तो त्या एका वाक्यावर निवडून आला. चार दिवसांनी पक्षाने अण्णांना काढून टाकलं. अण्णांनी हार घेऊन त्या व्यापाऱ्याच्या दुकानात जाऊन त्याच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "वाक्य आमच्या घरचं नेलं आहेस, आता पाळ." तो व्यापारी चांगला लाजला.

पण हुकूम तर डोक्यावर होताच. भोपाळहून साहेब येऊन कामकाज बघणार आणि मग काय ते ठरणार. एक दिवस स्वयंपाकघरात सासूबाईंनी मला विचारलं, "अगं, कामकाज म्हणजे ते नेमकं काय मोजतात?"

मी म्हटलं, "चिठ्ठ्या मोजतात, आई. भरल्याची एक, काढल्याची एक."

"रुपया भरला तरी?"

"रुपया असो नाहीतर लाख. चिठ्ठी ती चिठ्ठी."

"बरं," म्हणाल्या आणि साबुदाणा भिजवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडते तर बाहेर रांग! घाटावरच्या सगळ्या फुलवाल्या, वाती विकणाऱ्या, नाववाल्यांच्या बायका, लाल, पिवळे, ठिपक्यांचे घूंघट. प्रत्येकीला एक रुपया भरायचा. भरून झाला की परत रांगेच्या शेवटी जाऊन तोच काढायचा. दुकानं समोरच चढाच्या खाली, तेव्हा उभ्या उभ्या गिऱ्हाइकावर लक्ष ठेवत होत्या आणि मधूनच ओरडून भाव सांगत होत्या. अण्णा रांग लावत होते, "सीधी लाइन! बातें नहीं!" निवडून आलेला व्यापारीसुद्धा पायजमा सावरत मध्ये उभा. नाववाल्यांनी, मागचा अनुभव असल्यामुळे, भजनं सुरू केली. हे रोज चाललं. माझा हात मोडायची वेळ आली, अंगठ्यांच्या शाईने माझ्या साड्या खराब झाल्या, कॅशियर मला म्हणाला, "मॅडम, आपकी सास को मनाओ, नहीं तो मैं मर जाऊँगा." मी म्हटलं, "सरकारला धंदा हवाय ना? घे धंदा." खरं सांगते, इतक्या आनंदाने मी नोकरीत कधीच राबले नाही.

भोपाळचे साहेब आले ते या रांगेतून खांदे घासत, ओरडा खात आत आले. एका बाईने त्यांना "लाइन में लगो" म्हणून मागेही पाठवलं होतं. त्यांनी चिठ्ठ्यांचे गठ्ठे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्याला डोळा भिडवून म्हटलं, "साहेब, नियमात पुरेसं म्हटलंय, किती रुपयांचं ते म्हटलेलं नाही." त्यांना सगळं कळलं होतं, ते काही खुळे नव्हते. शिपायाने आणलेला चहा त्यांनी सावकाश प्यायला आणि गेले. महिन्याभरात निरोप आला. खिडकी आहे तिथेच राहणार.

त्या दिवशी मी घाटाच्या चढावरून घरापर्यंत जवळजवळ पळत आले. वाटेत जिलेबी घेतली. अण्णा आणि सासूबाई ओट्यावर बसले होते. मी सांगितल्यावर सासूबाईंनी हात जोडले आणि अण्णा लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. मग जिलेबी खाता खाता ते लटक्या रागाने सासूबाईंना म्हणाले, "खिडकी राहिली खरी. पण माझी निवडणूक मात्र तुझ्या प्रश्नाने घालवली हो."

सासूबाईंनी बोटं पुसली. "माझ्या प्रश्नाने नाही गेली," त्या म्हणाल्या. "प्रश्न तर मी लग्न झाल्यापासून विचारतेय. उत्तर तुम्ही या वेळी पहिल्यांदा दिलंत."

अण्णांनी जिलेबीची बशी बाजूला सरकवली आणि ते मांडी घालून, नीट सासूबाईंकडे तोंड करून बसले.

"बरं," ते म्हणाले. "आता पुढचा प्रश्न विचार."

"बसा," सासूबाई म्हणाल्या. "वेळ लागेल."